शिक्षा भोगल्यानंतरचें अपील

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. अमेरिकेंतील गॉर्डन हिराबायाशी नांवाच्या गृहस्थांनीं ही पायरी आयुष्यांत दोनदां चढली, आणि दोन्ही वेळां आपण होऊन चढली. पहिल्यानें १९४२ सालीं, चोवीस वर्षांचे विद्यार्थी असतांना. दुसऱ्यानें १९८३ सालीं, पासष्टीच्या उंबरठ्यावर. दुसऱ्या वेळीं ज्या शिक्षेविरुद्ध त्यांनीं दाद मागितली ती अवघी तीन महिन्यांची होती, आणि ती भोगून झाल्यास जवळजवळ चाळीस वर्षें लोटलीं होतीं. भोगून संपलेली शिक्षा रद्द करून घेण्यांत काय अर्थ, असा प्रश्न कोणासहि पडेल. सरकारी वकिलांनाहि तो पडला होता आणि त्यांनीं तो न्यायालयापुढें मांडलाहि. त्यास काय उत्तर मिळालें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम कायद्याची एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. खालच्या न्यायालयानें दोषी ठरविल्यावर वरच्या न्यायालयाकडे जें अपील होतें, त्यांत खटल्याच्या कागदांत जें आहे तेवढ्याचाच विचार होतो. परंतु कागदांत जें कधीं आलेंच नाहीं, किंबहुना जें मुद्दाम येऊं दिलें नाहीं, त्याचें काय? त्यासाठीं निराळा मार्ग असावा लागतो. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत हा मार्ग पूर्वीं हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदिवानास न्यायासनापुढें हजर करविण्याचा अर्ज, हा होता. हा अर्ज तुरुंग ज्या जिल्ह्यांत असेल तेथील न्यायालयांत करावा लागे. त्यामुळें मोठे तुरुंग असलेल्या थोड्या न्यायालयांवर भार पडे, आणि साक्षीदार व दप्तर हीं तर मूळ खटल्याच्या गांवीं रहात. म्हणून १९४८ सालीं कायदा करून असें ठरलें कीं, संघीय कैद्यानें ज्या न्यायालयानें शिक्षा दिली त्याच न्यायालयाकडे ती रद्द करण्याचा अर्ज करावा. अर्ज नाकारला गेला, तर त्या नकारावर पुन्हां अपील. मात्र ही सोय कैदेंत असलेल्या मनुष्यासाठीं आहे. जो शिक्षा भोगून घरीं आला, त्याच्यासाठीं एक जुनी इंग्लिश रीत शिल्लक राहिली होती. तिचें नांव ‘कोरम नोबिस’. ज्या न्यायालयाच्या हातून चूक झाली, त्याच न्यायालयापुढें ती चूक दाखवून निकाल मागें घेण्याची ती विनंति. संघीय फौजदारी खटल्यांत ही रीत जिवंत आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं मॉर्गन यांच्या खटल्यांत सांगितलें. हिराबायाशी यांस पुढें ह्याच दाराचा उपयोग झाला.

आतां मूळ खटल्याकडे वळूं. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ९०६६ क्रमांकाची आज्ञा काढून लष्करी सेनापतींना असा अधिकार दिला कीं, त्यांनीं पाहिजे ते प्रदेश लष्करी ठरवावे आणि तेथून पाहिजे त्या लोकांना बाहेर काढावें. मार्च महिन्यांत काँग्रेसनें त्या आज्ञा मोडणें हा गुन्हा ठरविला. त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पांच हजार डॉलरपर्यंत दंड. पश्चिम किनाऱ्याचे सेनापति जनरल जॉन डेविट यांनीं लागलीच संचारबंदी पुकारली. रात्रीं आठपासून सकाळीं सहापर्यंत घराबाहेर पडावयाचें नाहीं. ही बंदी परदेशी नागरिकत्वाच्या जर्मन व इटालियन लोकांस होती. पण जपानी वंशाच्या बाबतींत मात्र परका आणि नागरिक हा भेदच ठेवला नव्हता. त्यामागून वस्ती सोडून जाण्याच्या आज्ञा निघाल्या. सुमारें एक लाख वीस हजार माणसें घरेंदारें, शेतीवाडी, दुकानें टाकून कांटेरी तारांच्या छावण्यांत गेलीं. त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक होते. कोणावरहि आरोपपत्र नव्हतें, कोणाचीहि चौकशी झाली नव्हती.

गॉर्डन कियोशी हिराबायाशी १९१८ सालीं सिएटल येथें जन्मले व तेथीलच वॉशिंग्टन विश्वविद्यालयांत शिकत होते. ते क्वेकर पंथाचे होते. विवेकबुद्धीस जें पटत नाहीं तें निमूटपणें करावयाचें नाहीं, ही त्या पंथाची शिकवण. रात्रीं आठ वाजले कीं ग्रंथालयांतून उठून खोलीवर परतावें, आणि बरोबरचे गोरे मित्र मात्र वाचीत बसावे, असें कांहीं दिवस चाललें. मग त्यांच्या मनांत आलें, मीहि नागरिकच ना! त्या दिवसापासून त्यांनीं संचारबंदी पाळणें सोडलें. वस्ती सोडण्यासाठीं नांव नोंदविण्याची मुदत टळल्यावर १६ मे १९४२ रोजीं ते वकिलास बरोबर घेऊन केंद्रीय पोलिसांच्या कचेरींत हजर झाले आणि आज्ञा पाळणार नसल्याचें त्यांनीं लेखी सांगितलें. त्यांच्या दैनंदिनींत रात्रीं बाहेर राहिल्याची नोंद सांपडली. तेव्हां दुसरा आरोपहि जोडला गेला. जामिनावर सुटावयाचें तर छावणींत जावें लागेल, म्हणून ते तुरुंगांतच राहिले.

ऑक्टोबर १९४२ मध्यें सिएटल येथें खटला चालला. आरोपी जपानी वंशाचा आहे हें शाबीत करण्यासाठीं सरकारनें त्यांच्या आईबापांस छावणींतून साक्षीस आणविलें, आणि साक्ष होईपर्यंत त्यांनाहि तुरुंगांत ठेविलें. आज्ञा कायदेशीर आहेत, असें न्यायाधीशांनीं ज्यूरीस आधींच सांगितल्यामुळें ठरविण्यासारखें फारसें उरलें नव्हतें. दोन्ही आरोप शाबीत झाले. न्यायाधीशांनीं प्रत्येकीं तीस दिवस शिक्षा सांगितली. शिक्षा नव्वद दिवसांची असेल तर भिंतींच्या आंत कोंडून घेण्याऐवजीं रस्त्याच्या कामाच्या मोकळ्या छावणींत जातां येतें, असें कळल्यामुळें आरोपीनेंच अधिक दिवस मागून घेतले. न्यायाधीशांनीं तें मान्य केलें. दोन्ही आरोपांस नव्वद नव्वद दिवस, आणि तीं एकाच वेळीं भोगावयाचीं. ही बाब तेव्हां क्षुल्लक वाटली. परंतु पुढें तिच्यामुळेंच सर्वोच्च न्यायालयास वाट काढतां आली. दोन्ही शिक्षा एकदमच भोगावयाच्या असल्यानें एक वैध ठरली म्हणजे दुसरीचा विचार करण्याचें कारण नाहीं, असें म्हणून न्यायालयानें फक्त संचारबंदीचा प्रश्न घेतला आणि वस्तीबाहेर काढण्याचा अवघड प्रश्न बाजूस ठेविला.

२१ जून १९४३ रोजीं नऊहि न्यायमूर्तींनीं एकमतानें शिक्षा कायम केली. मुख्य न्यायमूर्ति हार्लन स्टोन यांच्या निकालाचा कणा एकच होता. ह्या लोकांत राजनिष्ठ कोण व घातकी कोण हें त्या आणीबाणींत झटकन निवडून काढणें शक्य नव्हतें, असें लष्करास वाटावयास आधार होता. मग सर्वांवर बंधन घातलें तर न्यायालयानें मध्यें पडूं नये. न्यायमूर्ति फ्रँक मर्फी यांनींहि शिक्षेस संमति दिली, परंतु जर्मनींत ज्यूंची जी गत केली जात आहे तिच्याशीं ह्या बंधनाचें दुःखद साम्य आहे, असा इषारा देऊनच दिली.

शिक्षा भोगण्याची हकीकतहि नमुनेदार आहे. ॲरिझोनांतील टूसान गांवाजवळच्या छावणींत पाठविण्यास सरकारजवळ प्रवासखर्च नव्हता. तेव्हां कैदीच रस्त्यानें जाणाऱ्या येणाऱ्या मोटारींना हात करीत शेंकडों मैल दूर तुरुंगांत जाण्यासाठीं निघाला. तेथें पोंचल्यावर अधिकाऱ्यास त्यांचे कागद सांपडेनात. परत गेलांत तरी चालेल, असें तो म्हणाला. परंतु कागद पुढेंमागें सांपडतील आणि पुन्हां यावें लागेल, म्हणून हिराबायाशी यांनीं शोधावयास लाविलें, तोंवर एक चित्रपट पाहिला, आणि संध्याकाळीं येऊन शिक्षा सुरू केली. आज त्या जागेस त्यांचेंच नांव आहे.

ज्या वेळीं सर्वोच्च न्यायालयांत वाद चालला होता, त्याच सुमारास युद्धखात्याच्या कचेरींत निराळाच प्रकार घडत होता. जनरल डेविट यांनीं आपल्या कामगिरीचा अखेरचा अहवाल एप्रिल १९४३ मध्यें छापवून वॉशिंग्टनला धाडला. त्यांत त्यांनीं उघड लिहिलें होतें कीं, वेळ नव्हता म्हणून निवड केली नाहीं असें नाहीं. ह्या वंशाच्या लोकांत निष्ठावान व अनिष्ठ अशी निवड करणेंच शक्य नाहीं. म्हणजे वर्षभर मुदत दिली असती तरी उत्तर बदललें नसतें. इकडे सरकारी वकील न्यायालयास सांगत होते कीं, निवड करण्यास वेळ नव्हता. सहाय्यक युद्धमंत्री जॉन मॅक्क्लॉय यांस अहवालांतील तें वाक्य अडचणीचें वाटलें. अहवाल बदलण्यांत आला. निवड अशक्य होती ह्या जागीं वेळ अपुरा होता असें घातलें गेलें. मूळ छापील प्रती परत मागवून जाळून टाकिल्या आणि जाळल्याची नोंदहि करून ठेविली. न्यायखात्याच्या वकिलांना मूळ अहवालाचा पत्ताच नव्हता.

न्यायखात्यापाशीं मात्र दुसरा एक कागद होता. नौदलाचे गुप्तवार्ता अधिकारी केनेथ रिंगल यांनीं ह्या लोकांचा जवळून अभ्यास करून असा अंदाज दिला होता कीं, धोकादायक ठरूं शकतील अशीं माणसें शेंकडा तीनांहूनहि कमी, सुमारें साडेतीन हजार, असतील. आणि त्यांची निवड व्यक्तिशः होऊं शकते. हा कागद न्यायालयास न दाखविणें म्हणजे पुरावा दडपणें होईल, अशी सूचना न्यायखात्यांतील एडवर्ड एनिस यांनीं ३० एप्रिल १९४३ रोजीं सॉलिसिटर जनरल चार्लस फाही यांस लेखी दिली होती. न्यायालयास तो कागद दाखविण्यांत आला नाहीं.

हे कागद चाळीस वर्षें दप्तरांत पडून राहिले. १९८१ सालीं पीटर आयरन्स नांवाच्या कायद्याच्या अभ्यासकास एनिस यांचे टांचण सांपडले. १९८२ सालीं आइको हर्झिग-योशिनागा ह्या बाईंना राष्ट्रीय दप्तरखान्यांत मूळ अहवालाची जळून न गेलेली एक प्रत हातीं लागली. ह्या बाई काँग्रेसनें नेमलेल्या चौकशी-मंडळाचें संशोधन करीत होत्या, आणि मुलगी असतांना स्वतः छावणींत राहिलेल्या होत्या. सुधारलेली व मूळ अशा दोन्ही प्रती शेजारीं ठेविल्या म्हणजे कोणतें वाक्य खोडलें व कोणतें घातलें हें पोरासहि दिसावें.

१९८३ च्या आरंभीं तीन अर्ज तीन न्यायालयांत दाखल झाले: सॅन फ्रान्सिस्कोंत फ्रेड कोरेमात्सु यांचा, सिएटलमध्यें हिराबायाशी यांचा आणि पोर्टलंडमध्यें वकील मिनोरु यासुई यांचा. तिघांचीं फळें तीन तऱ्हांचीं निघालीं. कोरेमात्सु यांची शिक्षा न्यायाधीश मेरिलिन पटेल यांनीं त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रद्द केली. यासुई यांची शिक्षा सरकारच्याच विनंतीवरून रद्द झाली, पण पुरावा दडपला कीं नाहीं ह्याची चौकशी करण्यास न्यायालयानें नकार दिला. नुसती शिक्षा पुसून त्यांचें समाधान होईना; त्यांनीं त्या नकारावर अपील केलें. तें चालू असतांनाच १९८६ च्या नोव्हेंबरांत त्यांचें देहावसान झालें, आणि त्यांच्या बरोबर वादहि संपला. अपील करणाऱ्या वृद्धास काळ हाहि एक प्रतिपक्ष असतो, हें त्यांच्या उदाहरणावरून दिसतें.

हिराबायाशी यांच्या अर्जाची चौकशी न्यायाधीश डोनाल्ड वूर्हीस यांनीं जून १९८५ मध्यें साक्षीपुरावे घेऊन केली. तेव्हांचे सरकारी अधिकारी एडवर्ड एनिस हे वृद्ध झाले होते. ते अर्जदाराच्या बाजूनें साक्षीस उभे राहिले. १० फेब्रुवारी १९८६ रोजीं निकाल झाला. युद्धखात्यानें मूळ अहवाल दडवून ठेविला, आणि हा दोष अत्यंत मूलभूत स्वरूपाचा आहे, असें न्यायाधीशांनीं ठरविलें. वस्ती सोडण्याची आज्ञा मोडल्याबद्दलची शिक्षा त्यांनीं रद्द केली. परंतु संचारबंदीची शिक्षा त्यांनीं तशीच ठेविली. घरदार सोडावयास लावण्याच्या मानानें संचारबंदी हें सौम्य बंधन. मूळ अहवाल उजेडांत असता तर सरकारनें दोन्ही प्रश्न वेगळे करून संचारबंदीपुरता निकाल मिळविलाच असता, असा त्यांचा तर्क होता.

अर्धा न्याय मिळाला म्हणून पुष्कळ जण थांबले असते. परंतु येथें जो अर्धा भाग नाकारला गेला, तोच महत्त्वाचा होता. १९४३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शब्द दिला होता तो संचारबंदीबद्दल. आणि १९४४ सालीं कोरेमात्सु यांच्या खटल्यांत वस्ती हालविण्यास मान्यता देतांना आधार घेतला होता तो ह्याच संचारबंदीच्या निकालाचा. पाया तसाच ठेवून वरची भिंत पाडल्यासारखें हें झालें. हिराबायाशी यांनीं नाकारलेल्या भागाविरुद्ध अपील केलें. सरकारनेंहि दिलेल्या भागाविरुद्ध अपील केलें.

सरकारचें म्हणणें असें कीं, अर्जदार चाळीस वर्षांनीं जागा झाला; इतक्या उशिरां त्याचें ऐकूं नये. शिवाय शिक्षा भोगून झाली, आतां तिच्यापासून त्यास कोणती इजा होते? मग न्यायालयानें सोडवावा असा वाद उरलाच कोठें? नवव्या परिमंडलाच्या अपील न्यायालयानें २४ सप्टेंबर १९८७ रोजीं निकाल दिला. तो न्यायाधीश मेरी श्रोडर यांनीं लिहिला. उशिराबद्दल न्यायालय म्हणालें कीं, जो कागद सरकारनेंच दडविला तो अर्जदारास अगोदर कसा मिळावा? इजेबद्दल न्यायालयानें सांगितलें कीं, फौजदारी दोषाचा ठपका शिक्षेबरोबर संपत नाहीं. तो मनुष्याच्या नांवावर रहातो आणि पुढें केव्हां काय परिणाम घडवील हें सांगतां येत नाहीं. आरंभीं जो प्रश्न आला त्याचें हें उत्तर.

ह्यापुढचा भाग अपिलाचें काम कसें चालतें हें समजण्यास फार उपयोगी आहे. अपील न्यायालय साक्षीदारांस पुन्हां बोलावीत नाहीं. खालच्या न्यायाधीशानें घटनांबद्दल जें ठरविलें तें उघड चुकीचें असल्याशिवाय वरचें न्यायालय मोडीत नाहीं; परंतु त्या घटनांवरून कायद्यानें काय निष्पन्न होतें, हें मात्र तें स्वतंत्रपणें पाहतें. म्हणून अपिलांत वूर्हीस यांनीं काढलेली हकीकत अक्षरशः तशीच राहिली. तिनें अर्जदाराचेंच काम केलें. फक्त तिच्यावरून काढलेलें अर्धें अनुमान न्यायालयानें फिरविलें. १९४३ सालीं सरकारनें संचारबंदीसाठीं निराळें समर्थन केलेंच नव्हतें. दोन्ही आज्ञांस एकच कारण दिलें होतें, तें म्हणजे निवड करण्यास वेळ नव्हता. सर्वोच्च न्यायालयानेंहि संचारबंदी कायम केली ती त्याच कारणावर. तें कारणच खोटें पडल्यावर एक शिक्षा टिकावी व दुसरी पडावी, हें कसें? दोन्ही शिक्षा रद्द झाल्या. सरकार ह्यापुढें सर्वोच्च न्यायालयाकडे गेलें नाहीं.

ह्या निकालाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. अपील न्यायालय एका मनुष्याची शिक्षा रद्द करूं शकलें. सर्वोच्च न्यायालयानें १९४३ व १९४४ सालीं सांगितलेला कायदा रद्द करण्याचा त्यास अधिकार नव्हता. २०१८ सालीं मुख्य न्यायमूर्ति रॉबर्ट्स यांनीं दुसऱ्या एका खटल्याच्या निकालांत लिहिलें कीं, कोरेमात्सु निकाल ज्या दिवशीं झाला त्या दिवशींच तो घोर चुकीचा होता. १९८८ सालीं काँग्रेसनें कायदा करून हयात असलेल्या प्रत्येक छावणीवासीयाची क्षमा मागितली व वीस हजार डॉलर देऊं केले. आणि २०११ सालीं न्यायखात्याच्या वतीनें सॉलिसिटर जनरलच्या जागीं असलेले नील कत्याल यांनीं जाहीर कबुली दिली कीं, रिंगल यांचा कागद न्यायालयापासून लपविणें ही त्या पदावरील माणसाची चूक होती.

आजच्या कैद्यास हा मार्ग इतका मोकळा नाहीं. १९९६ सालच्या कायद्यानें शिक्षा रद्द करण्याच्या अर्जास सामान्यतः एक वर्षाची मुदत घातली आहे. अर्ज नाकारला गेला तर साठ दिवसांत अपिलाची सूचना द्यावी लागते. शिवाय अपील चालण्यापूर्वीं न्यायाधीशाचा एक दाखला मिळवावा लागतो. घटनेनें दिलेला हक्क डावलला गेला असल्याचें बरेंच सबळ चिन्ह दिसलें, तरच तो मिळतो. आणि पुष्कळ अर्ज ह्या दाराशींच थांबतात. खटल्यांना कोठें तरी अंत असावा, हें म्हणणें खोटें नाहीं. निकाल रोज फिरूं लागले तर न्यायावरचा विश्वास उडेल. परंतु ज्या निकालास खरा कागद दिसलाच नाहीं, त्याला अखेरचा म्हणावयाचें कीं काय, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. आणि तेवढ्यासाठीं एक दार किलकिलें ठेवावें लागतें.

हिराबायाशी पुढें समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. बैरूट, कैरो आणि शेवटीं कानडांतील आल्बर्टा विश्वविद्यालय येथें त्यांनीं शिकविलें. २ जानेवारी २०१२ रोजीं एडमंटन येथें त्यांचें निधन झालें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं त्यांस मरणोत्तर राष्ट्राचें श्रेष्ठ नागरी पदक दिलें. तरुणपणीं जी राज्यघटना त्यांनीं पुस्तकांत वाचली होती, ती खरी मानून ते तुरुंगांत गेले, आणि म्हातारपणीं तिलाच साक्षीस घेऊन न्यायालयांत आले. नव्वद दिवस तर कोणी परत देऊं शकत नव्हतें. परत मागितलें होतें तें एवढेंच कीं, जें घडलें तें सरकारी दप्तरांत खरें लिहिलेलें असावें. तेवढें मिळण्यास चव्वेचाळीस वर्षें लागलीं. पण तें मिळालें.